'वदरिंग हाइट्स'मधली माणसं कशी ओळखायची : एका तलाठी बाईची वही

तीस वर्षं मी तलाठी होते, त्यातली बरीचशी पाटण तालुक्यात. मयताचं नाव कमी करून वारसांची नावं लावणं हे रोजचं काम. त्यामुळे कुठलंही घराणं समोर आलं की माझा हात आधी वंशावळ काढायला जातो. एमिली ब्राँटेची 'वदरिंग हाइट्स' मला उमगली ती या सवयीमुळेच. पहिल्यांदा मी ती चौथ्या प्रकरणापाशी मिटून ठेवली होती. दोन कॅथरीन. एका घराचं आडनाव लिंटन आणि पुढे एका मुलाचं नावही लिंटन. हीथक्लिफला तर नाव आणि आडनाव मिळून एकच शब्द. दुसऱ्यांदा शंभर पानी वही आणि शिसपेन्सिल घेऊन बसले, आणि पुस्तक संपेपर्यंत उठावंसं वाटलं नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या वाचनालयात आम्ही सातआठ जणींनी मिळून ती वाचली, तेव्हा पहिल्याच दिवशी मी प्रत्येकीला वही आणायला सांगितलं. ती वही कशी भरायची ते सांगते.

डाव्या पानावर वंशावळ. उजव्या पानावर प्रत्येक माणसाला थोडी जागा सोडायची आणि तिथे एकच गोष्ट टिपायची : आपल्यापेक्षा दुबळ्या जिवाशी हा माणूस कसा वागला. मूल, कुत्रं, पाखरू, नोकर, आजारी माणूस, जो समोर येईल तो. प्रेमाबद्दल कोण काय बोललं ते लिहू नका. ती वाक्यं तशीही लक्षात राहतात. वागणूक मात्र हातातून निसटते, आणि या कादंबरीत माणूस कळतो तो वागणुकीतूनच.

सुरुवातीची तीन प्रकरणं लॉकवुड नावाचा भाडेकरू सांगतो. साल १८०१. थ्रशक्रॉस ग्रेंज हे घर त्यानं भाड्यानं घेतलंय आणि मालकाला भेटायला तो वरच्या घरी, वदरिंग हाइट्सला, जातो. मालक म्हणजे हीथक्लिफ. तिथे लॉकवुड एकामागून एक चुका करतो. घरातली तरुण मुलगी हीथक्लिफची बायको असेल असं धरून चालतो. ते चुकतं. मग शेजारच्या राकट तरुणाची असेल असं ठरवतो. तेही चुकतं. ती हीथक्लिफच्या मेलेल्या मुलाची विधवा आहे. कोपऱ्यात काहीतरी मऊ मऊ दिसतं, त्याला वाटतं हिची लाडकी मांजरं असतील. तो मेलेल्या सशांचा ढीग असतो. इथे गोंधळलात तर घाबरू नका, लेखिकेनं आपल्याला मुद्दाम या माणसाच्या डोळ्यांनी आत नेलंय. लॉकवुडचे अंदाज पेन्सिलीनं लिहा आणि खरं कळलं की त्यावर काट मारा. खोडलेल्या त्या ओळी पुढे फार उपयोगी पडतात, कारण ससे मांजरं वाटावेत तसं या घरात क्रौर्यही लांबून माया वाटू शकतं.

तिसऱ्या प्रकरणात बर्फामुळे लॉकवुडला तिथेच मुक्काम करावा लागतो. कपाटासारख्या बंदिस्त पलंगात झोपताना खिडकीच्या कडेवर त्याला कोरलेली नावं दिसतात : कॅथरीन अर्नशॉ, कॅथरीन हीथक्लिफ, कॅथरीन लिंटन. ही तीन नावं याच क्रमानं वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा आणि पुढे चला. त्यांचा अर्थ शेवटी लागतो.

चौथ्या प्रकरणापासून नेली डीन ही घरकाम सांभाळणारी बाई गोष्ट सांगू लागते, आणि वंशावळीला खरी सुरुवात होते. पानाच्या वरच्या बाजूला दोन घरं काढा. माळावरचं वदरिंग हाइट्स, अर्नशॉंचं, दारावर १५०० हे साल आणि हेअरटन अर्नशॉ हे नाव कोरलेलं. त्याखाली, चार मैलांवर, थ्रशक्रॉस ग्रेंज, लिंटनांचं, भोवती झाडी आणि कुंपणभिंत. 'वदरिंग' हा त्या मुलखातला बोलीतला शब्द, वादळात घोंगावणाऱ्या वाऱ्यासाठी. वरच्या घराशेजारची झाडं वाऱ्यानं एकाच बाजूला कललेली आहेत. चाळकेवाडीच्या पठारावर जे उभे राहिलेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ते कललेलं झाड वहीत काढून ठेवा, पुढे लागणार आहे.

अर्नशॉंना दोन मुलं, हिंडली आणि कॅथरीन. लिंटनांना दोन, एडगर आणि इझाबेला. आणि कुठल्याच रेघेला न जोडलेला एक : हीथक्लिफ. वर्षं कादंबरीत थेट फार थोडी येतात. बाकी सगळं वयांवरून आणि ऋतूंवरून काढावं लागतं. १९२६ साली सी. पी. सँगर या इंग्रज बॅरिस्टरनं हा सगळा हिशेब मांडून दाखवला, तेव्हा तो इतका चोख जुळला की वाचकांना नवल वाटलं. हे मला माझी वही अर्धी भरल्यावर समजलं, आणि कायद्याच्या कामातल्या दुसऱ्या कोणीतरी हीच वाट धरली होती याचा मनापासून आनंद झाला. त्या हिशेबानं कॅथरीनचा जन्म १७६५चा, एडगर तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, हिंडली आठ वर्षांनी. ती १७८४च्या मार्चमध्ये जाते. म्हणजे अवघी अठरा वर्षांची. हे वय वहीत ठळक लिहा, कारण तिच्या बोलण्याचा आवेश असा आहे की आपण तिला तिशीची बाई समजून बसतो.

नावांचा घोळ टाळायला एक युक्ती कादंबरीतच आहे. आईला कॅथरीन म्हणा, मुलीला कॅथी. मुलीचं नाव कॅथरीनच ठेवलं, पण बाप एडगर तिला नेहमी कॅथी म्हणायचा आणि बायकोला मात्र त्यानं कधीही कॅथी म्हटलं नव्हतं. नेलीला वाटतं, हीथक्लिफ तिला त्या नावानं हाक मारायचा म्हणून असेल. एवढ्या एका गोष्टीत एडगरचा अख्खा संसार दिसतो.

आता हीथक्लिफ. म्हातारे अर्नशॉ लिव्हरपूलला साठ मैल चालत जातात आणि साठ मैल चालत येतात. येताना मुलासाठी सारंगी आणि मुलीसाठी चाबूक आणायचा असतो. कोटातून निघतं ते रस्त्यावर सापडलेलं, काळंसावळं, कोणाला न कळणारी भाषा बोलणारं पोर. सारंगी मोडते, चाबूक हरवतो. या घरातल्या मुलांचं त्याच्याशी नातं जडतं ते या हरवलेल्या खाऊपासून. त्याला नाव दिलं जातं ते लहानपणी वारलेल्या मुलाचं. वारसनोंदीच्या भाषेत सांगायचं तर मयताच्या जागी आलेला, पण वारस नसलेला माणूस.

तो कुठला, हे कादंबरी सांगत नाही. पण म्हातारे लिंटन त्याला पाहून म्हणतात, हा एखादा लास्कर असेल, नाहीतर अमेरिकेचा किंवा स्पेनचा टाकून दिलेला पोर. लास्कर म्हणजे गोऱ्यांच्या जहाजांवर राबणारे आपल्याकडचे खलाशी. नेली त्याची समजूत घालताना म्हणते, कुणी सांगावं, तुझा बाप चीनचा बादशहा असेल आणि आई हिंदुस्थानची राणी. या दोन जागा वाचताना मी थांबले. १९३९च्या हॉलिवूडच्या चित्रपटात हीथक्लिफ झाला लॉरेन्स ऑलिव्हिए हा गोरा नट, आणि गोऱ्या कॅथरीनचं काम केलं मर्ल ओबेरॉननं, जिचा जन्म १९११ साली मुंबईतला. तिनं तो आयुष्यभर लपवला, टास्मानियात जन्मले असं सांगत राहिली. तो चित्रपट कॅथरीनच्या मरणाबरोबर संपवलाय, पुढची पिढी त्यात नाहीच. म्हणून आधी चित्रपट पाहू नका. चौतीस प्रकरणांपैकी निम्मी त्यात गेली, आणि हीथक्लिफ कोण आहे हे कळतं ते उरलेल्या निम्म्यात.

हीथक्लिफच्या पानावर पहिली नोंद चांगली येईल. दारूच्या नशेत हिंडलीच्या हातून त्याचं तान्हं पोर, हेअरटन, जिन्याच्या कठड्यावरून खाली सुटतं. खाली हीथक्लिफ असतो, तो नकळत झेलतो. पण वर पाहून कोणाचं पोर वाचवलं हे कळताच त्याचा चेहरा पडतो, सूड हातचा गेला म्हणून. आधी हात पुढे येतात, नंतर मन मागे घेतं. या दोन्ही गोष्टी लिहा. एकच लिहिली तर माणूस चुकेल. पुढच्या नोंदी काळ्या आहेत : इझाबेलाला पळवून नेताना तिच्या कुत्रीला तो फास लावून टांगतो, पोटच्या आजारी मुलाला वस्तूसारखा वापरतो.

कॅथरीनसाठी मी बाराव्या प्रकरणावर सगळ्यात जास्त वेळ घालवते. आमच्या वर्गात ते दोनदा मोठ्यानं वाचलं. नवरा आणि हीथक्लिफ यांच्यात जुंपल्यावर ती खोलीचं दार लावून घेते, तीन दिवस जेवत नाही, तापात उशी दातांनी फाडते. मग आतली पिसं काढून चादरीवर जातवार मांडत बसते. हे टर्कीचं, हे रानबदकाचं, हे पारव्याचं. उशीत पारव्याची पिसं भरतात, म्हणूनच मला मरण येईना, असं म्हणते. मग एक पीस हातात धरते, हजारांत ओळखेन म्हणते : टिटवीचं. आपल्या टिटवीच्याच कुळातला, डोक्यावर तुरा असलेला पक्षी. माळावर जमिनीवरच घरटं करणारा. लहानपणी हिवाळ्यात त्यांना ते घरटं दिसलं होतं, आत पिलांचे इवलेसे सांगाडे. हीथक्लिफनं वर सापळा लावला होता, त्यामुळे पिलांचे आईबाप जवळ यायला धजावले नाहीत. तेव्हा तिनं त्याच्याकडून वचन घेतलं, यापुढे टिटवी मारायची नाही. आणि आता तापात ती विचारते, त्यानं माझ्या टिटव्या मारल्या का गं नेली? यातलं कुठलं पीस लाल आहे का? नेली म्हणते, पुरे हा पोरखेळ, आणि उशी ओढून घेते.

या एका खोलीत तिन्ही माणसं सापडतात. हीथक्लिफचं प्रेम घरट्यावरच्या सापळ्यासारखं, जवळ कोणाला येऊ न देणारं, आणि आत पिलं मरतात. कॅथरीनला ते लहानपणीच दिसलं होतं आणि तरी ती त्याच्यापासून सुटली नाही. आणि नेलीला समोरचा आजार पोरखेळ वाटला. मात्र कॅथरीनला बिचारी म्हणून सोडू नका. आठव्या प्रकरणात ती नेलीला चिमटा काढते, तान्ह्या हेअरटनला गदागदा हलवते, एडगरच्या थोबाडीत मारते. तिच्या पानावर तेही आलंच पाहिजे.

नववं प्रकरण सगळ्यांना तोंडपाठ असतं, 'मीच हीथक्लिफ आहे' या वाक्यासाठी. तिथे नोंद करायची ती दुसरीच. हीथक्लिफ बाकावर ऐकत असतो. त्याच्याशी लग्न करणं मला कमीपणाचं होईल, एवढं ऐकून तो निघून जातो. त्यापुढचं, तो माझ्याहूनही जास्त मी आहे, हे त्यानं ऐकलेलंच नाही. नेलीनं त्याला जाताना पाहिलं, पण त्या घटकेला ती कॅथरीनला खरं सांगत नाही. म्हणून नेलीचं बोलणं पंचनाम्यातल्या जबाबासारखं घ्या : साक्षीदार प्रामाणिक आहे, पण प्रकरणात तिचाही हात आहे. तिनं काय पाहिलं ते शाईनं लिहा, तिला काय वाटलं ते पेन्सिलीनं.

एडगर आणि इझाबेला यांना फार जागा लागत नाही. एडगर आजारी बायकोची दोन महिने रात्रंदिवस शुश्रूषा करतो, पण बहीण घर सोडून गेली की तिच्याशी नातं तोडून टाकतो. दोन ओळी, समोरासमोर. इझाबेलाच्या पानावर एकच महत्त्वाचं : ती पळाली. गरोदरपणी त्या घरातून निसटून ती लंडनच्या बाजूला गेली आणि मुलाला एकटीनं वाढवलं. जोसेफ या म्हाताऱ्या गड्याची यॉर्कशायरची बोली पहिल्या वाचनात डोक्यावरून गेली तर जाऊ द्या. मग मोठ्यानं वाचून पाहा, कान बरंच समजून घेतो. ब्राँटे भगिनींतली मोठी शार्लट, तिनंसुद्धा १८५०च्या आवृत्तीत बाहेरच्या वाचकांसाठी त्याचं बोलणं सोपं केलं होतं.

आता माझ्या कामाचा भाग, जमीन. इथे बरेच वाचक पानं भराभर उलटतात आणि मग हीथक्लिफ नुसता विरही प्रियकर वाटत राहतो. जुगारासाठी हिंडलीनं सगळी जमीन तुकड्यातुकड्यानं गहाण टाकली आणि गहाणदार होता हीथक्लिफ. हिंडली मेला तेव्हा हेअरटन सहा वर्षांचा. आपल्या सातबाऱ्यावर अशा वारसाच्या नावापुढे 'अ.पा.क.' लिहितात, अज्ञान वारसाचा पालनकर्ता. आपल्या कायद्यात लहान मुलाला 'अज्ञान' म्हणतात, आणि हेअरटनच्या बाबतीत हा शब्द दोन्ही अर्थांनी खरा करायचं काम हीथक्लिफ करतो. त्याला शिकवत नाही, आपली फसवणूक झालीय हे कळूही देत नाही. हेअरटनला ताब्यात घेताना तो म्हणतो, एकच वारा लागला तर हेही झाड त्या झाडासारखं वाकडं वाढतं का, ते बघू. आपण काढून ठेवलेलं झाड आता या पानावर आणा.

खालचं घर वेगळ्या वाटेनं जातं. म्हाताऱ्या लिंटनांनी मिळकत अशी बांधून ठेवली होती की एडगरला मुलगा नसेल तर ती नातीकडे न जाता इझाबेलाच्या वाटेनं जावी. म्हणून हीथक्लिफला इझाबेला हवी होती, आणि म्हणून तो कॅथीला कोंडून आपल्या मरणपंथाला लागलेल्या मुलाशी, लिंटनशी, तिचं लग्न लावतो. एडगर मुलीच्या नावचा पैसा सुरक्षित करायला वकिलाला बोलावतो, पण वकील आधीच हीथक्लिफला विकला गेलेला. त्या काळी इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईचा पैसाअडका नवऱ्याचा होई. तिथले त्याबाबतचे मोठे कायदे १८७० आणि १८८२चे, ही गोष्ट त्याआधीची. बाईची तुलना जमिनीशी मला कधीच सहन होत नाही, पण हीथक्लिफ कॅथरीनबद्दल विचार करतो तो ताब्याच्याच भाषेत. एडगरची कबर खणली जात असताना तो तिची शवपेटी उघडून पाहतो आणि एका बाजूची फळी सैल करून ठेवतो, आपल्याला तिथे पुरतील तेव्हा मध्ये काही राहू नये म्हणून. ती जाऊन तोवर सतरा-अठरा वर्षं झालेली.

उरलेली दोन पानं कॅथी आणि हेअरटनची. इथे वेळ घ्या, इथे माझा जीव अडकतो. हेअरटनला दारावरचं आपलंच नाव वाचता येत नाही, म्हणून कॅथी हसते. तो लपूनछपून शिकतो. एके दिवशी तिला थांबवून एकेक अक्षर लावत नाव वाचून दाखवतो : हेअरटन अर्नशॉ. ती विचारते, आणि ते आकडे? तो म्हणतो, ते अजून येत नाहीत. ती पुन्हा हसते. सातबाऱ्यावर स्वतःचं नाव कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा म्हणणारी माणसं मी रोज पाहिलीत. त्यांचं बोट कसं थरथरतं ते मला ठाऊक आहे. पुढे हिणवणं इतकं लागतं की हेअरटन जमवलेली पुस्तकं आगीत टाकतो. ही नोंद कॅथीच्या पानावर घाला, त्याच्या नाही. आणि त्याच्याच खाली बत्तिसाव्या प्रकरणातली : ती एक पुस्तक पांढऱ्या कागदात नीट गुंडाळते, फीत बांधते, वर त्याचं नाव लिहिते आणि नेलीच्या हाती निरोप देते, घेतलंस तर मी शिकवायला येईन, नाही घेतलंस तर पुन्हा कधी त्रास देणार नाही. नंतर एका सकाळी ती त्याच्या लापशीच्या ताटलीत पिवळी रानफुलं खोचते, हीथक्लिफ त्याच टेबलावर बसलेला असताना.

हीथक्लिफ मरतो तो खिडकी उघडी, अंगावर पाऊस, डोळे उघडेच. मृत्युपत्र केलेलं नाही. मिळकत कोणाला ठेवावी हे त्याला ठरवताच आलं नाही. रात्रभर मृतदेहाशेजारी बसून खराखुरा रडतो तो एकटा हेअरटन, ज्याचं त्यानं सर्वात जास्त वाटोळं केलं. तो हात हातात घेतो, त्या चेहऱ्याचं चुंबन घेतो. ही ओळ दोघांच्याही पानावर लिहा.

आता पहिल्या पानावर परत या. खिडकीवरची तीन नावं आईनं कोरलेली : अर्नशॉ, हीथक्लिफ, लिंटन. तीच खालून वर वाचा. कॅथी जन्मानं लिंटन, पहिल्या लग्नानं हीथक्लिफ, आणि दुसऱ्या लग्नानं अर्नशॉ होणार. लग्न नववर्षाच्या दिवशी ठरलंय, म्हणजे १ जानेवारी १८०३. वंशावळीतली शेवटची रेघ त्या तारखेला ओढा. दारावर १५०० सालापासून नवऱ्याचंच नाव आहे, आणि शेजारचे आकडे आता त्याला वाचता येत असणार.